गाय अडते तेव्हा...

बचत गटाच्या बैठकीची विषयपत्रिका ठरलेली असते. हप्ते, व्याज, नवीन कर्जाचे अर्ज. पण एकदा चहा फिरला की गाडी गोठ्याकडे वळतेच! कुणाची गाय आटली, कुणाची माजावर येईना, कुणाची पहिलारू कालवड या महिन्यात व्यायची आहे... मी फलटणची. माहेर-सासर दोन्हीकडे नोकरदार माणसं, शिक्षण मराठी घेऊन बी.ए. गाईचा आणि माझा संबंध सकाळच्या दुधाच्या पिशवीपुरता. पण गेली चौदा-पंधरा वर्षं आसपासच्या गावांतल्या गटांबरोबर काम करताना एक गोष्ट पक्की समजली. आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या संसाराचं अंदाजपत्रक गाय ठरवते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर मुलांची फी, किराणा, सासऱ्यांच्या गोळ्या आणि गटाचा हप्ता भागतो. म्हणूनच गाय वितानाचे ते चार तास त्या घरातले सगळ्यांत जोखमीचे तास असतात. वासरू गेलं तर नुकसान. गाय गेली तर दावण रिकामी आणि कर्ज मात्र तसंच डोक्यावर!

पूर्वी बाळंतपणात बाई 'अडली' म्हणायचे. गाय-म्हशीलाही हाच शब्द आहे. आणि गंमत बघा, दोघींच्याही बाबतीत अडचण शरीराची असली तरी दोष मात्र घरातल्या बाईलाच दिला जातो.

२०२२ च्या श्रावणातली गोष्ट. गटाचा मेळावा आटोपून मी त्या रात्री गावातच मुक्कामाला होते. रात्री दहाच्या सुमारास शेजारच्या घरातली थोरली जाऊ धावत आली. "वहिनी, सांजच्यापासनं गाय कळा देतीया, पण पाय बी दिसंना आन्‌ डोकं बी. मालक डॉक्टरला फोन लावत्यात, लागंना." शेवटी फोन लागला. साडेअकराला पावसातून डॉक्टर मोटारसायकलवर आले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी आत हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आतडी हाताला लागताहेत."

आम्हाला वाटलं, संपलं सगळं. गाईची पिशवी फाटली आणि तिचीच आतडी बाहेर आली! पण डॉक्टरांनी घाई केली नाही. पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "ही गाईची नाहीत, वासराची आहेत. वासरूच उलटं घडलंय." पाठीचा कणा धनुष्यासारखा मागे वळलेला, चारी पाय डोक्याजवळ आलेले आणि पोट झाकलेलंच नाही. ओढून काढायला गेलं तर गाय फाटली असती. तिथेच, गोठ्यातच, गाईला उभी ठेवून डाव्या कुशीला भूल देऊन त्यांनी सिझेरियन केलं. आम्ही बायका बॅटऱ्या धरून उभ्या होतो. दीड-दोन तास गेले. वासरू मेलेलंच निघालं, पण गाय वाचली.

या व्यंगाला 'शिस्टोसोमस रिफ्लेक्सस' म्हणतात. प्राण्यांत ते मुख्यतः गाईतच आढळतं. गर्भ अगदी सुरुवातीला एखाद्या चपट्या चकतीसारखा असतो. तिच्या कडा खाली वळून एकमेकींना मिळतात आणि पोट बंद होतं. या वासरांत त्या कडा खाली वळायच्या ऐवजी वर पाठीकडे वळतात, म्हणून आतलं सगळं बाहेर राहतं. डॉक्टर सांगत होते की असं वासरू कधीकधी गर्भाशयात जिवंतही असतं, पण बाहेर आल्यावर जगूच शकत नाही. हे सगळं गाभणपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत घडून गेलेलं असतं. तेव्हा नंतरच्या आठ महिन्यांत कुणी काय केलं, काय खाल्लं, काय ओलांडलं, याचा काडीचाही संबंध नाही.

पण हे गावाला कोण सांगणार? उजाडायच्या आत बातमी फिरली. सकाळी अंगणात ही गर्दी! कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढतंय, कुणी हळद-कुंकू वाहतंय, कुणी नाणी टाकतंय. आणि मग सुरू झाले प्रश्न. प्रश्न सगळे धाकट्या सुनेला, कारण गोठा ती बघायची. "ग्रहणात काय चिरलंवतंस का?" "अडचणीच्या दिवसात गोठ्यात गेली व्हतीस का?" पोरगी भिंतीला टेकून गप्प उभी होती. तिला स्वतःला पाचवा महिना होता! एक आजीबाई तर तिच्या पोटाकडे बघून हळूच काहीतरी पुटपुटल्या. तिच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली, ती त्या वासराच्या दर्शनापेक्षा भयंकर होती.

डॉक्टर निघता निघता थांबले. चांगला माणूस! सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "ताई, हे तुमच्यामुळं झालेलं नाही, गाईमुळंही नाही आणि तुमच्या बाळाचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या तपासण्या वेळेवर करा, लोहाच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घ्या, बास." पुढे डिसेंबरात तिला मुलगी झाली, छान तीन किलोची. पण मधले चार महिने ती पोरगी रात्री नीट झोपली नव्हती, हे तिच्या जावेनेच मला सांगितलं.

तेव्हापासून मी हा विषय धरला. भेटेल त्या पशुवैद्यकाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे कळलं ते असं, की निसर्गाकडून घडणीत चुका होतात आणि त्यांचीही एक शिस्त असते. दोन तोंडांचं वासरू जन्मलं की आपल्याकडे पूजा होते. ती खरं तर जुळी वासरं असतात, गर्भ पुरता दुभंगला नाही म्हणून चिकटून राहिलेली. जत्रेत पाठीवर पाचवा पाय लोंबणारी झूल घातलेली गाय फिरवतात, आपण नमस्कार करून पैसे देतो. तोही वाढीतलाच दोष. तो पाय निर्जीवपणे लोंबत असतो. त्या जनावराला त्याने पुण्य मिळत नाही, फक्त ओझं मिळतं.

जुळ्यांचीच आणखी एक गोष्ट आमच्या बायकांना फार उपयोगाची वाटली. गाईला एक गोऱ्हा आणि एक कालवड अशी जुळी झाली, तर ती कालवड शंभरात नव्वदांहून अधिक वेळा वांझ निघते. पोटात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीच्या रक्तात जातात. तिच्या गर्भाशयाची वाढच खुंटते. फ्रँक लिली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये हे कोडं उलगडलं. म्हणजे अशी कालवड दोन-अडीच वर्षं पोसून, दोन-चारदा भरवून, 'हिला कुणाची नजर लागली' म्हणत बसण्यापेक्षा लहानपणीच डॉक्टरांकडून तपासून घेतलेली बरी. हे ऐकून एका सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग आमच्या नातीचं? ती बी भावाबरोबरची जुळी हाय!" नाही हो आत्या! माणसांत तसं होत नाही. बहीण-भावाच्या जुळ्यांतली मुलगी अगदी व्यवस्थित आई होते. कृपा करून गाईचा नियम नातीला लावू नका.

सगळीच व्यंगं हताश व्हायला लावणारी नसतात. वासरू पहिल्या दिवशी छान पितं, दुसऱ्या दिवशी पोट फुगतं, कुंथतं, पण शेणच टाकत नाही. शेपूट उचलून पाहावं, तर शेणाची वाट बंद! नुसती कातडीच आड आली असेल तर छोट्याशा शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते आणि वासरू जगतं. मात्र हे पहिल्या दोन दिवसांतच लक्षात यायला हवं. काही वासरांचे पुढचे पाय मुठीसारखे वळलेले असतात. दोष फार नसेल तर मऊ कापूस गुंडाळून, पट्ट्या बांधून, रोज हलका चोळा देऊन ते सरळ होतात. बेंबीचा हर्निया दुरुस्त होतो. पण पिताना दूध नाकातून येत असेल तर टाळू फाटलेली आहे का ते बघावं. माणसाच्या बाळात फाटलेल्या ओठाला आपण 'ग्रहण लागलं' म्हणतो. नाव काहीही द्या, तो ग्रहणाचा प्रताप नाही. वासरू तर ग्रहण बघायला गोठ्याबाहेरही आलेलं नसतं!

मग ही व्यंगं होतात कशाने? बऱ्याचदा नेमकं कारण सापडत नाही, पण काही कारणं सापडली आहेत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं होत होती. शास्त्रज्ञांनी चिकाटीने शोध घेतला तेव्हा कळलं, की गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास मेंढीने डोंगरातली एक विशिष्ट रानवनस्पती खाल्ली की असं होतं. त्या वनस्पतीतल्या द्रव्याच्या अभ्यासातून पुढे माणसाच्या त्वचेच्या एका कर्करोगावरच्या औषधाची वाट सापडली! युरोपात २०११ मध्ये चिलटांसारख्या बारीक कीटकांनी पसरवलेला एक नवा विषाणू आला. जर्मनीतल्या श्मालेनबर्ग गावावरून त्याला नाव पडलं. त्यानंतर वाकड्या पायांची कितीतरी कोकरं आणि वासरं जन्मली. आपल्याकडच्या दुष्काळी भागातलं एक कारण मात्र अगदी साधं आहे. महिनोन्‌महिने हिरवा चारा नाही, नुसता कडबा नाहीतर भुस्सा. गाभण गाईला 'अ' जीवनसत्त्व मिळालं नाही तर वासरू आंधळं किंवा अशक्त जन्मू शकतं.

औषधांचंही तसंच. जंताचं औषध दुकानातून आणून पाजलं, असं सर्रास चालतं. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात गर्भाला घातक ठरू शकतं. शेवटच्या महिन्यांत कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर गाय गाभडू शकते. म्हणून कुणीही सुई उचलली की आधी ओरडून सांगायचं, "गाय गाभण आहे!"

आणि मग येतं रक्ताचं नातं. होल्स्टिन जातीचा बेल नावाचा एक वळू १९७४ मध्ये अमेरिकेत जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध देत, म्हणून त्याचं वीर्य जगभर गेलं. स्वतः तो ठणठणीत होता. पण त्याच्या रक्तात दोन घातक जनुकं लपलेली होती. एकामुळे वासराची प्रतिकारशक्तीच दुबळी राहते, ते जनुक १९९२ मध्ये सापडलं. दुसऱ्यामुळे आखूड मानेची, वाकड्या पायांची वासरं मेलेली जन्मतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते २००१ मध्ये जगासमोर आणलं. बाप वाहक आणि आईही वाहक असली तर चारात एक वासरू बाधित. तीच चारात एकाची शक्यता आपल्या थॅलेसेमियात असते! म्हणून आता वीर्यकेंद्रांत वळूंची अशा जनुकांसाठी तपासणी करतात. पण गावातल्या वळूचं काय? तोच वळू सहा-सहा वर्षं गावात फिरतो, आपल्याच मुलींना आणि नातींना भरवतो. मी हे सांगत असताना एक जण हसून म्हणाली, "ताई, म्हंजी आमच्यात मामाची पोरगी करत्यात तसंच की!" हसण्यावारी गेलं खरं, पण नंतर बराच वेळ सगळ्या त्यावरच बोलत होत्या. प्रत्येक मामेबहिणीशी लग्न केल्यावर व्यंग होतंच असं मुळीच नाही. धोका वाढतो, एवढं मात्र खरं. गोठ्याच्या निमित्ताने ही गोष्ट जितक्या मोकळेपणाने निघाली, तितकी ती आरोग्य शिबिरातही निघालेली मी पाहिली नाही.

तरी व्यंग ही क्वचितची गोष्ट. गाय अडते ती बहुतेक वेळा साध्याच कारणांनी. पहिलारू कालवड लहान, आणि वासरू मोठ्या जातीच्या वळूचं. किंवा वासराची बैठक चुकलेली. नीट बैठक म्हणजे पुढचे दोन पाय पुढे आणि त्यावर टेकवलेलं डोकं, विहिरीत सूर मारावा तसं. एक पाय दुमडलेला, मान मागे वळलेली किंवा शेपूट आधी, असं काही असलं की घोटाळा. म्हशीत तर गर्भाशयालाच पीळ पडतो. म्हैस बेचैन असते, ऊठबस करते, पण पाणमोट दिसतच नाही. तेव्हा डॉक्टर पीळ कोणत्या बाजूचा ते बघून म्हशीला आडवी पाडतात, कुशीवर फळी ठेवतात आणि त्याच बाजूला लोळवतात. पीळ सुटला की रेडकू सुखरूप! पण हे काम जाणत्याचं. अंदाजाने लोळवलं तर पीळ आणखी घट्ट बसतो.

आमच्या बायकांनी घड्याळ पाठ केलंय. पाणमोट फुटल्यावर तासाभरात काही पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय दिसतोय, नुसतं डोकं दिसतंय, शेपूट दिसतंय, तर वाट बघायची नाही. फोन करायचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. डॉक्टर येईपर्यंत दोर बांधून पाच-सहा गड्यांनी ओढायचं नाही, ट्रॅक्टर तर मुळीच नाही! कळा येण्याचं इंजेक्शन परस्पर कुणाकडून टोचून घ्यायचं नाही. वाट बंद असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटतं. वासरू झाल्यावर वार पडायची वाट न बघता तासा-दोन तासांत चीक पाजायचा. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा. गाईच्या पोटातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतच नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आणि लोंबणाऱ्या वारेला वीट किंवा जुनी चप्पल बांधायची नाही. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर.

आता मैत्रिणींनो, सर्वांत महत्त्वाचं. हे सगळं करताना आपले हात उघडे असतात. वार उचलते बाई, गाभडलेला गर्भ उचलते बाई, गोठा धुते बाई. ब्रुसेल्लोसिस नावाचा रोग याच वाटेने माणसात येतो. उतरत-चढत राहणारा ताप, सांधेदुखी, रात्री घाम... आणि बाई महिनोन्‌महिने 'कसकस' म्हणून अंगावर काढते. गरोदर बाईला तर गर्भपाताचाही धोका. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना तिला या रोगाची लस देतात. केंद्र सरकारची मोहीम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. ती लस चुकवू नका. हातमोजे नसतील तर निदान दुधाच्या रिकाम्या जाड पिशव्या हातात चढवा, नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. गरोदर बाईला या कामापासून दूरच ठेवा. विटाळ म्हणून नव्हे, तिच्या जिवासाठी!

एक गोष्ट मनाला लागते ती सांगते. हल्ली लिंगनिर्धारित वीर्य मिळतं. शंभरात नव्वदच्या आसपास कालवडीच होतात. गावात त्याला काय मागणी! कालवड वजनाने थोडी कमी असते, त्यामुळे पहिलारू सुटायलाही सोपी जाते. कालवड झाली की पेढे वाटतात. त्याच घरात सुनेला दुसरी मुलगी झाली की दोन दिवस चूल मुकी असते. गोठ्यात जी अक्कल चालते, ती उंबऱ्याच्या आत का बरं चालू नये?

आमच्या तीन गटांनी आता एक वही घातली आहे. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, भरवल्याची तारीख आणि स्ट्रॉवर छापलेला वळूचा क्रमांक त्यात लिहितात. दिवस मोजायला सोपं जातं. गाईचे दोनशे ऐंशीच्या आसपास, म्हशीचे तीनशे दहा. शिवाय एकाच वळूची दोन-तीन वासरं व्यंगाची निघाली तर डॉक्टरांना दाखवायला पुरावा राहतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे गटाच्या पैशातून आणून ठेवलेत. नोंदी करते सातवी शिकलेली एक बाई, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे!

तुमच्या गावात, नात्यात कधी असं वासरू जन्मलं, तर त्याचा व्हिडिओ नका काढू. त्याच्यापुढे नाणी नका टाकू. मेलेलं असेल तर कुत्र्यांना न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. वळूचा नंबर टिपून ठेवा, गाईला कोमट पाणी द्या. आणि त्या घरातल्या बाईला ग्रहणाचं, विटाळाचं काही विचारण्यापेक्षा एवढंच विचारा, "रात्रभर जागी होतीस ना ग? चहा घेतलास का?"